सहा इंची टिनसाठी पाय क्रस्ट: कडक का होतो, आकसतो का, तळ कच्चा का राहतो

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. ठाण्यात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे की घरात खाणारी माणसं दोनच, म्हणून नऊ इंची ॲपल पायची अमेरिकन रेसिपी निम्मी करून सहा इंची भांड्यात केली, आणि तीनदा केली तरी तीनही वेळा बिघडली. पहिल्यांदा क्रस्ट, म्हणजे पायचं मैद्याचं कवच, इतका कडक झाला की सुरी चालेना. दुसऱ्यांदा कडा घसरून तळाशी गोळा झाल्या. तिसऱ्यांदा वरून छान सोनेरी रंग आला, पण तळ कच्चा आणि ओला राहिला. मैदा साधा, बटर नेहमीचं खारं, ओव्हन म्हणजे लहान ओटीजी, तिसऱ्या वेळचं भांडं काचेचं. आणि हे सगळं एप्रिलमध्ये.

मी बारा वर्षं घरून छोट्या ऑर्डर घेते. त्यात सहा इंची पाय आणि तळहाताएवढे टार्ट सगळ्यात जास्त असतात, त्यामुळे हे तीनही प्रकार माझ्या हातून होऊन गेलेले आहेत. ताई, तुमचा हात वाईट नाही. कमी प्रमाणात करताना मोजमापाची चूक मोठी होते आणि एप्रिलमधला ठाण्याचा ओटा बटरला टिकू देत नाही, या दोन गोष्टींचा तुमच्या बिघडलेल्या पायांमध्ये मोठा वाटा आहे; बाकीची कारणं पुढे एकेक करून सांगते.

मोजमापापासून सुरू करू. अमेरिकन रेसिपीत मैदा कपाने मोजतात. तोच कप पिठात बुडवून भरला तर सहज १५० ग्रॅम मैदा बसतो, चमच्याने हलकेच भरला तर १२० ग्रॅम. मोठ्या घाण्यात हा फरक खपून जातो. पाण्याचं बघा. ३०० ग्रॅम मैद्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम पाणी जास्त पडलं, तर ते पिठाच्या ५ टक्के झालं. ९० ग्रॅम मैद्यात तेवढंच पाणी जास्त पडलं, तर ते जवळजवळ १७ टक्के होतं. चमचा तोच, पण पीठ पार बदलतं. आणि आपल्याकडे चमचा म्हणजे पोह्याचा की वाढायचा, ते घरोघरी वेगळं. म्हणून पाय करायचा असेल तर ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. साच्यांवर, रंगीत लाटण्यांवर खर्च करण्याआधी तो घ्या. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा.

प्रमाण वजनाचं आहे आणि लक्षात ठेवायला सोपं आहे: तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग पाणी. सहा इंची, इंचभर खोल टिनच्या तळासाठी ९० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम बटर आणि ३० ग्रॅमपर्यंत बर्फाचं पाणी. वर झाकणही हवं असेल तर १३५, ९० आणि ४५. इथे एक गोष्ट बऱ्याच जणी चुकतात. नऊचे सहा म्हणजे दोनतृतीयांश, असं धरून त्या रेसिपी कापतात. पण पीठ पसरतं ते क्षेत्रफळावर, आणि सहा इंची गोलाचं क्षेत्रफळ नऊ इंचीच्या निम्म्याहून थोडं कमीच असतं. तुम्ही निम्मं केलंत ते बरोबरच होतं.

आता बटर. दुकानात मिळणाऱ्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, बाकी मीठ वगैरे. खारं बटर चालतं, मी कित्येकदा तेच वापरते, फक्त पिठात वेगळं मीठ घालायचं नाही. ते पाणी मात्र महत्त्वाचं आहे. ओव्हनमध्ये बटरचा घट्ट तुकडा वितळतो, त्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ वरचा पिठाचा पापुद्रा उचलते आणि तुकडा होता तिथे पोकळी राहते. पदर सुटतो तो असा. तूप वापरून पाहिलेल्या बायका विचारतात की पदर का नाही सुटले. तुपात पाणीच नसतं. तुपाचा क्रस्ट नानकटाईसारखा भुरभुरीत होतो, चवीला सुंदर, पण पापुद्रे नाहीत. तूपच वापरायचं असेल तर ६० ग्रॅम बटरच्या जागी ४८ ग्रॅम घट्ट थिजलेलं तूप घ्या आणि पाणी ८ ते १० ग्रॅमने वाढवा. घरचं लोणी वापरू नका असं म्हणणार नाही, पण त्यात ताकाचा अंश किती राहिला आहे ते कळत नाही, म्हणून दर वेळी पीठ वेगळं लागतं.

हे सगळं आपल्याला नवीन नाही. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, तेव्हा स्निग्धांश पिठाच्या कणाकणावर चढतो आणि शंकरपाळी खुसखुशीत होते, पण तिला पदर सुटत नाहीत. साट्याच्या करंजीला आपण पोळ्यांच्या मध्ये साटा लावतो, तेव्हा पदर सुटतात. पाय क्रस्ट या दोघींच्या मधला आहे. बटरचा काही भाग मोहनासारखा पिठात मुरवायचा आणि काही भाग साट्यासारखा वेगळा ठेवायचा. फरक एकच, आणि तो मोठा आहे: इथे काहीही गरम नसतं. मोहनाची सवय असलेला हात पहिल्यांदा इथेच फसतो, कारण बटर मऊ झालं की आपल्याला बरं वाटतं, पीठ छान मळल्यासारखं वाटतं. पाय क्रस्टमध्ये ते बरं वाटणं हीच धोक्याची खूण आहे.

बटर २० अंशांच्या आसपास चांगलंच मऊ पडतं आणि ३२ ते ३५ अंशांत पूर्ण वितळतं. एप्रिलच्या दुपारी तुमचं स्वयंपाकघर नेमकं तेवढंच गरम असतं. म्हणजे बटर वितळवायला ओव्हनची गरजच उरत नाही. म्हणून मी उन्हाळ्यात क्रस्ट सकाळी सहाला करते, गॅस पेटायच्या आधी. आदल्या रात्री मैदा परातीसकट फ्रीजमध्ये जातो. बटरची वडी तासभर फ्रीजरमध्ये. ओट्यावर ज्या जागी काम करायचं तिथे बर्फाचे खडे भरलेलं स्टीलचं ताट दहा मिनिटं ठेवते, मग उचलून ओटा कोरडा पुसते. एवढ्याने कडप्पा पुरेसा थंड होतो आणि बराच वेळ तसा राहतो.

गोठलेलं बटर किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायचं, वडी बटर पेपरात धरून, म्हणजे बोटांची ऊब लागत नाही. कीस थेट थंड मैद्यात पडू द्या आणि मधे एकदोनदा पीठ वरखाली करा, नाहीतर गोळा होतो. मग दोनतृतीयांश कीस बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो. उरलेला एकतृतीयांश फक्त पिठात घोळवा आणि चिमटीत दाबून चपटा करा. परातीत बघितलं की काही भाग भरड रव्यासारखा आणि त्यात जाड पोह्यांसारखे पिवळसर पातळ तुकडे, असं दिसलं पाहिजे. हे पोहे शेवटपर्यंत दिसत राहणं ही तुमची खात्री. ते दिसेनासे झाले की काम थांबवा आणि परात पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा. मधेच थांबल्याने पीठ कधीच बिघडत नाही. रेटून नेल्याने मात्र बिघडतं.

पाणी आधी २० ते २२ ग्रॅमच घाला, शिंपडल्यासारखं, आणि काट्याच्या चमच्याने हलवा. आता मूठभर पीठ उचलून आवळा. मोहन बरोबर पडलं की नाही हे आपण जसं मुटका वळून बघतो, तसंच. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर दोनतीन मोठ्या तुकड्यांत फुटला, तर पाणी पुरे. भुगा झाला तर छोट्या चमच्याने एकेक करत वाढवा. पावसाळ्यात मैदा आधीच दमट असतो, तेव्हा मला २४-२५ ग्रॅमपुढे जावं लागत नाही. कोरड्या फेब्रुवारीत ३० ग्रॅम पूर्ण लागतात. परातीत थोडा कोरडा भुगा उरलेला दिसेल, त्याला घाबरू नका. सगळं गोळा करून बटर पेपरात गुंडाळा, बाहेरून दाबत चपटी गोल वडी करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तासाभरात ओलावा पिठात सारखा पसरतो आणि तो भुगा आपोआप मिसळतो. मळायचं नाही. एकदाही नाही.

तुमचा पहिला पाय दगडासारखा झाला तो इथेच. पाणी जास्त आणि मळणं जास्त. मैद्यातली प्रथिनं पाण्यात भिजून रगडली गेली की ग्लुटेनची जाळी तयार होते. पोळीला, पावाला ती हवी असते. क्रस्टला नको. अमेरिकेत २००७ साली कुक्स इलस्ट्रेटेड मासिकात केंजी लोपेझ-आल्ट यांनी निम्म्या पाण्याच्या जागी व्होडका घालायची युक्ती दिली होती, ती याच कारणाने: अल्कोहोलमध्ये ग्लुटेन तयार होत नाही, त्यामुळे पीठ ओलसर राहूनही चिवट होत नाही आणि अल्कोहोल भाजताना उडून जातं. युक्ती खरी आहे. पण ९० ग्रॅम मैद्याला मी ती सुचवणार नाही. काट्यावर पाणी मोजलं की तिची गरज उरत नाही. चमचाभर व्हिनेगर घाला असंही सांगतात. एवढ्याशा व्हिनेगरने क्रस्ट खुसखुशीत होतो असा माझा अनुभव नाही. पीठ दोन दिवस फ्रीजमध्ये राहणार असेल तर ते काळपट पडायचं मात्र कमी होतं.

लाटायला आपल्याकडे बायकांचा हात तयार असतो आणि सहा इंची पायला पोळपाट अगदी मापाचा आहे. तुम्हाला २२ सेंटिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा गोल हवा. संगमरवरी पोळपाट असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवून वापरा. वडी फ्रीजमधून काढल्यावर पाचसात मिनिटं थांबा, लाटण्याने हलकेच थोपटून ती वळू लागली की लाटायला घ्या. मधून बाहेर लाटा, प्रत्येक वेळी गोल पाव वळसा फिरवा. पोळीला आपण कडा दाबून पातळ करतो, ती सवय इथे सोडायची, कारण पातळ कडा आधी करपतात. कड जरा फाटली तर बोटाने चिमटून जोडा. उलट गोल अगदी गुळगुळीत, पोळीसारखा मऊसूत निघाला तर समजा पाणी जास्त झालं आहे. लाटताना पोह्यांचे ते तुकडे आता लांबट पट्ट्यांसारखे, संगमरवरातल्या रेषांसारखे दिसतात. मला आजही ते बघून आनंद होतो.

आता दुसऱ्या पायच्या घसरलेल्या कडा. लाटण्यावर गुंडाळून गोल टिनवर सोडला की तो कोपऱ्यात आपल्या वजनाने बसू द्यायचा. कड वर उचलायची, पीठ खाली जाऊ द्यायचं, मग बोटाच्या पेराने हलकेच टेकवायचं. आपण काय करतो, कोपऱ्यापर्यंत पुरत नाही म्हणून पीठ ओढतो. ओढलेलं पीठ रबरासारखं परत मूळ जागी येऊ बघतं आणि ओव्हनमध्ये त्याला ती संधी मिळते. कड टिनच्या बाहेर एक सेंटिमीटर ठेवून कापा, आत दुमडा, चिमटीने मुरड घाला. करंजीची मुरड येते ना, तीच घाला, तिच्याहून सुंदर कड मी कुठे पाहिलेली नाही. मग टिन अर्धा तास फ्रीजरमध्ये. हा अर्धा तास गाळू नका. वडी करून ठेवलेला तास आणि टिनमध्ये घालून ठेवलेला अर्धा तास, हे दोन विसावे दिले की पीठ आकसायचं जवळजवळ थांबतं.

कापलेले तुकडे पुन्हा मळून त्याचाच गोल करू नका, तो चिवट होतो. एकावर एक ठेवून दाबा, लाटा, साखर-दालचिनी भुरभुरा आणि पट्ट्या कापून भाजा. आमच्याकडे पायआधी त्या संपतात.

तिसरा प्रश्न कच्च्या तळाचा, आणि लहान ओटीजीत हा सगळ्यात जास्त छळतो. काच उष्णता हळू पोचवते. तुमचं वरचं झाकण भाजून झालं तरी तळाला ऊब पुरती लागलेली नव्हती. ॲल्युमिनियमचा साधा टिन घ्या, शक्यतो गडद रंगाचा. काचेचं भांडं फ्रीजरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये तर कधीच ठेवू नका. माझं एक भांडं असं तडकलं आहे आणि त्या दिवशी ओव्हनमधून काचा वेचाव्या लागल्या. ओटीजी २०० अंशांवर निदान वीस मिनिटं तापवा, आत बेकिंग ट्रे ठेवूनच. तापलेल्या ट्रेवर थंड टिन ठेवला की तळाला तव्यासारखी झळ बसते. रॅक खालून पहिली किंवा दुसरी. पहिली पंधरा मिनिटं फक्त खालचा रॉड चालू ठेवा, मग दोन्ही. आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. माझ्या जुन्या ओटीजीची खुंटी २०० वर असताना आत १७५ च असायचे. ते कळलं तेव्हा मागच्या कित्येक फिकट तळांचा उलगडा झाला. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्यात खालचा रॉड नसतो, तिथे रिकामा क्रस्ट आधी भाजून घेण्याशिवाय दुसरा मार्ग मी काढू शकलेले नाही.

रिकामा भाजायचा तो असा. फ्रीजरमधल्या टिनवर बटर पेपर बसवायचा आणि त्यात राजमा किंवा छोले काठोकाठ भरायचे. तळाशी मूठभर टाकून उपयोग नाही, कडांना टेकू मिळाला पाहिजे. २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, कडा कोरड्या दिसेपर्यंत. मग कागद आणि राजमा उचलून, तळाला काट्याने टोचे मारून आणखी आठदहा मिनिटं, तळ बिस्किटासारखा होईपर्यंत. ते राजमे पुढे शिजत नाहीत, त्यांची एक बरणी वेगळी करून ठेवा. माझी बरणी सात वर्षांची आहे.

क्विश (अंडी-दुधाच्या सारणाचा खारा पाय), लिंबाचं किंवा कस्टर्डचं सारण, महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरी यांना असा पूर्ण भाजलेला क्रस्टच हवा. या ओल्या सारणांसाठी तळाच्या पिठात मी बटर सगळंच चोळून मुरवते, पोहे ठेवत नाही. पदर कमी सुटतात, पण तळ रस शोषून घेत नाही. मोहनवाला क्रस्ट खाली, साट्यावाला वर, असं मी शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते.

झाकणाच्या ॲपल पायला तळ आधी भाजला तर कड जुळवता येत नाही, म्हणून तिथे रस आवरायचा. आपल्याकडची लाल गोड सफरचंदं लवकर मऊ पडतात आणि पाणी सोडतात. सोललेली ३५० ग्रॅम सफरचंदं, ४० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि दालचिनी एकत्र करून अर्धा तास ठेवा. सुटलेला रस गाळून पातेल्यात आटवा, छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून त्यात शिजवा, मग फोडींवर परत घाला आणि सगळं पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं की खालचं बटर तिथेच वितळतं आणि तुमची सकाळची सगळी मेहनत वाया जाते. तळावर चमचाभर कोरडा भाजलेला रवा पसरा, तो राहिलेला रस पितो आणि खाताना कळतही नाही. झाकणाला वाफ जायला चार चिरा द्या. अंडं चालत असेल तर फेटून लावा, नसेल तर दुधात थोडी साय फेटून. साय लावल्यावर वर साखर भुरभुरली तर रंग छान येतो. पहिली पंधरा मिनिटं २०० ला, पुढची तीस-पस्तीस १८० ला. कडा आधी लाल झाल्या तर त्यांच्यावर फॉइलची पट्टी टाका. झाकणावरच्या रंगाकडे बघून पाय बाहेर काढू नका. चिरेतून रसाचे जाड, संथ बुडबुडे आले की तो झाला.

दोघांसाठी दर वेळी ९० ग्रॅमचा पसारा मांडायचा कंटाळा येत असेल तर एका थंड सकाळी चारपट पीठ करा, चार वड्या वेगवेगळ्या गुंडाळून हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवा. दोनअडीच महिने उत्तम राहतात. लागेल ती आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवा, बाहेर ओट्यावर नाही. फ्रीजमधल्या वडीला दोन दिवसांची मुदत, त्यापुढे ती करडी पडते.

आणि पाय बाहेर आल्यावर जाळीवर ठेवून निदान दोन तास कापू नका. घरभर दालचिनीचा वास सुटलेला असताना हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण कॉर्नफ्लोअरचा रस गार झाल्यावरच आळतो. गरम पाय कापला तर तो सगळा रस तळाखाली धावतो आणि नीट भाजलेला क्रस्टसुद्धा दहा मिनिटांत ओला होतो. तुमच्या तिसऱ्या पायच्या ओल्या तळात थोडा वाटा याचाही असेल. पुढच्या वेळी संध्याकाळी खायचा पाय दुपारी चारलाच बाहेर काढा.